एकडोळ्याला न दिसलेलं

मित्रांनो, आधी एक डोळा मिटा आणि दुसऱ्याने समोर बघा. जमलं? मग आता तुम्ही थोडेफार माझ्यासारखे झालात. मी जुना आहे, पितळी आहे आणि जन्मापासून एकडोळ्या आहे. सूक्ष्मदर्शक असं माझं भारदस्त नाव, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. गुरांच्या दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीत, एका कपाटाच्या डोक्यावर, अंगावर खोळ पांघरून मी बसलेला असतो. शेजारी एक मोडका तराजू आहे, पण तो पडला अबोल. तेव्हा म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

माझा जन्म एका काच घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली झाला. बोटाच्या पेराएवढी काच घेऊन तो दिवसभर बसायचा. घासायची, फुंकर मारायची, उजेडात धरायची, नापसंतीने मान हलवायची आणि पुन्हा घासायची. त्याच्या घरचे म्हणत, हा माणूस काचेशी लग्न करून बसलाय. शेवटी एकदा त्याने माझ्या नळीत भिंगं बसवली, खाली उजेड पकडायला गोल आरसा लावला आणि स्वतःच्या सदऱ्याचा एक धागा उपसून माझ्याखाली ठेवला. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या मानेवर थोपटून म्हणाला, "जा, आता जग बघ." मी निघालो तेव्हा तो दुसरी काच घासायला बसलासुद्धा होता.

जग म्हणजे हा गुरांचा दवाखाना. सुरुवातीला इथे माझी चांगलीच चलती होती. गाय खंगली की तिच्या रक्ताचा थेंब माझ्यापुढे यायचा. कोंबड्या माना टाकायला लागल्या की त्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी मी दाखवायचो. कुत्र्याची कातडी सोलवटली की खरजेचा किडा माझ्याच डोळ्याखाली सापडायचा. बाहेर जनावरांचे मालक ताटकळत उभे असायचे आणि आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज यायचा, "सापडला!" तेवढ्या एका शब्दावर मी दिवसभर फुशारून असायचो. जगात मला दिसत नाही असं काही नाहीच, असा माझा समज झाला होता. गर्वाचं घर खाली असतं, हे मला पुढे कळलं.

डॉक्टरीणबाई एकट्याच राहायच्या आणि एकट्याच काम करायच्या. पिसाळलेल्या जनावरांची तपासणी आमच्याच खोलीत होई, म्हणून दवाखान्यातलं दुसरं कुणी आत पाऊल टाकत नसे. चहा आणणारा माणूस कप उंबऱ्याबाहेर ठेवून असा सटकायचा, जणू आम्हीच त्याला चावणार होतो. या खोलीत खायचं-प्यायचं नाही असा बाईंचाही नियम होता. दुपारी त्या मागच्या पायरीवर बसून डबा खात आणि उघड्या खिडकीतून माझ्याशी बोलत. आपण दोघंच बरे, म्हणायच्या, कुणाची कटकट नाही. मला मात्र तसं वाटत नसे, मित्रांनो. मला माणसं हवी होती, लहान मुलं हवी होती, कुणीतरी "मला पण बघू दे ना" म्हणून ढकलाढकली करावी असं फार वाटायचं.

मग एका सकाळी शिंपी आला. समोरच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, दुकानामागेच घर, आणि घरात माणसं दोनच, तो आणि त्याची मुलगी. मुलीची आई ती तान्ही असतानाच गेली होती. मुलीचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. त्या दिवशी मात्र भिंगरी दाराशी थिजून उभी होती. तिच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं, आणि शिंप्याच्या सायकलवर एक पोतं होतं.

झालं होतं असं. दुकानाच्या पायरीखाली पांढऱ्या पायांचा एक कुत्रा राहायचा. आपल्या ताटातला घास त्याच्यासाठी बाजूला ठेवल्याशिवाय भिंगरी जेवत नसे. आदल्या दिवसापासून तो खाईना, कुणाकडे बघेना, अंधारात तोंड खुपसून बसला. सकाळी ही त्याला उठवायला गेली आणि त्याने तिच्या पोटरीत दात रोवले. शिंप्याने कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. मग घाबऱ्याघाबऱ्या त्याने जखमेवर हाताला लागेल ते ओतलं, आणि हाताला लागलं शिवणयंत्राचं तेल.

बाईंचा पारा चढला. "मारलात कशाला त्याला? बांधून ठेवायचा, लांबून नजर ठेवायची. पिसाळलेला असता तर दहा दिवसांच्या आत त्याने स्वतःच सांगितलं असतं. आता मेलेल्याला मी काय विचारू?" असं म्हणत त्यांनी भिंगरीला नळापाशी बसवलं, फडकं सोडलं आणि साबण लावून जखम धुवायला घेतली. पोरगी कंटाळली, रडून थकली, साबणाची वडी झिजून निम्मी झाली, तरी बाई पाय सोडेनात. पिसाळण्याच्या विषाणूला हाकलायची पहिली संधी पाण्याच्या धारेखाली असते, ती दवडायची नाही, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. बाईंची पाठ फिरलेली होती तेवढ्यात शिंप्याने पोतं उघडलं आणि कुत्र्याला उचलून टेबलावर ठेवलं. उघड्या हातांनी. मी ते बघितलं, भिंगरीनेही बघितलं. बाईंनी बघितलं नाही.

मग बाईंनी दोघांना पलीकडच्या गल्लीतल्या माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं. त्या काळी कुत्रा चावला की पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक, आणि ती दोन आठवडे चालायची. पोटाला गाठी यायच्या. भिंगरी पहिल्या दिवशी एवढी ओरडली की आमच्या खिडकीपर्यंत आवाज आला. हल्ली तसं राहिलेलं नाही, हल्ली दंडात थोडीशीच घ्यावी लागतात, तेव्हा तुम्ही घाबरू नका. पण तेव्हा तसं होतं.

इकडे बाईंनी हातमोजे चढवले, कुत्र्याच्या मेंदूतला चिमूटभर भाग काचपट्टीवर पसरला, त्याला रंग दिला आणि पट्टी माझ्याखाली सरकवली. आता तुम्ही विचाराल, मग दिसला का विषाणू? मित्रांनो, इथेच तर माझी गोची आहे. विषाणू मला दिसतच नाही. कुठलाच. मी रक्ताची पेशी दाखवतो, जिवाणू दाखवतो, पण विषाणूपुढे माझी डाळ शिजत नाही. पिसाळण्याचा विषाणू मेंदूच्या पेशीत शिरून भरपूर वाढला, की कधी कधी तिथे एक गुलाबी ठिपका तयार होतो, तेवढा मला दिसतो. चोर नाही, चोराची पावलं. आजवर ती पावलं मी कितीतरी वेळा दाखवली होती.

या वेळी मात्र काहीच दिसेना. निळ्या पेशी, निळ्या पेशी आणि पुन्हा निळ्याच पेशी. बाईंनी पट्ट्या बदलल्या, आरसा फिरवला, डोळे धुऊन आल्या. त्या दिवशी बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. एकही ठिपका नाही.

इंजेक्शन घेऊन झालं की भिंगरी पोट धरून आमच्या दाराशी यायची. शाळेत पोरं तिच्याशेजारी बसेनात, आता ही भुंकायला लागणार म्हणून चिडवत. तिची जिवाभावाची मैत्रीणसुद्धा लांबूनच हात हलवून पळून गेली. ज्या खोलीत यायला सगळे घाबरायचे ती खोली मग तिला जवळची वाटू लागली. बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं, हात पाठीमागे बांधायला सांगितले आणि माझ्यातून बघू दिलं. कितीतरी वर्षांनी एका लहान डोळ्याच्या पापण्या माझ्या काचेवर फडफडल्या. तिने वर मान करून विचारलं, "ह्याला एकच डोळा कसा?" आणि त्या दिवसापासून तिने मला एकडोळ्या म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला राग आला असता.

एकडोळ्याला विषाणू का दिसत नाही, हे तिला पटेना. बाईंनी तिला विचारलं, गोणपाट शिवायच्या दाभणाने मलमलीवर बारीक टाके घालता येतील का? भिंगरी म्हणाली, छे, मलमल फाटेल. बाई म्हणाल्या, तसंच आहे. एकडोळ्याकडे उजेडाची सुई आहे, आणि विषाणूसाठी उजेडसुद्धा जाडा पडतो. त्याला बघायला वेगळं, खोलीएवढं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. भिंगरीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझीच कीव आली.

पाचव्या दिवशी शिंपी भिंगरीबरोबर आला. कुत्र्याच्या तपासणीत काय निघालं, असं त्याने बाईंना विचारलं. काही दिसलं नाही, असं बाईंनी सांगितलं. ते ऐकताच त्याचा चेहरा असा उजळला, की त्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणाला, सुटलो बाई, आता पोरीला ती इंजेक्शनं नकोत. रोज दोघांनी धरून ठेवावं लागतं, रात्रभर ती कण्हते, मला बघवत नाही. कुत्रा चांगला निघाला, मग साप साप म्हणून भुई धोपटायची कशाला?

बाईंनी हातमोजे काढले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "दादा, नीट ऐका. साप नाही असं मी म्हटलेलं नाही. मला दिसला नाही, एवढंच म्हटलंय. तुम्ही कुत्र्याला लवकर मारलंत. त्याच्या मेंदूत ठिपके उमटायच्या आतच मारलं असेल, तर ह्या एकडोळ्याला काय दिसणार?"

शिंप्याने विचारलं, मग खरं कधी कळणार? बाईंनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पांढरे उंदीर होते. कुत्र्याच्या मेंदूतला थोडा अंश त्यांना टोचला होता. विषाणू असेल तर उंदीर आजारी पडणार, पण त्याला आठवडे लागतील. आणि तोवर थांबायची सोय नाही. हा विषाणू जखमेतून नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरतो आणि नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालू लागतो. तो पोचायच्या आत शरीराला लढायला तयार करायचं, म्हणून तर लस. तो एकदा पोचला आणि आजार दिसू लागला, की मग कुठल्याही औषधाचा इलाज चालत नाही. हे बाईंनी अगदी हळू सांगितलं, कारण भिंगरी तिथेच होती.

शिंपी उठला आणि म्हणाला, बघू, उद्याचं उद्या. 'बघू' म्हणजे नाही, हे मोठ्या माणसांचं गणित मला ठाऊक होतं आणि भिंगरीलाही ठाऊक होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, इंजेक्शन चुकणार होतं ना! मग ती बापाच्या हातांकडे बघत राहिली. सुया टोचून टोचून शिंप्याच्या बोटांची चाळण झालेली असते, तशी त्याच्याही बोटांची झाली होती. एका नखाजवळची कातडी सोललेली होती.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "बाबांच्या बोटांना पण भोकं आहेत. आणि त्यांनी कुत्र्याला हातांनी उचललं होतं. त्याच्या तोंडाला फेस होता."

शिंप्याने हात खिशात घातले. बाईंनी ते बाहेर काढायला लावले, खिडकीशी नेऊन उलटेपालटे करून बघितले, आणि म्हणाल्या की लाळ अशा बोटांना लागली असेल तर तुम्हालाही सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतील. शिंपी हसायला लागला. शिंप्याचे हात असेच असतात, म्हणाला, आणि मला कुठे कुत्रा चावलाय? गिऱ्हाइकांची कामं खोळंबलीत, मी रोज पोट धरून बसलो तर दुकान कोण बघणार? मला काही होत नाही.

भिंगरी स्टुलावर चढली. तिने माझ्यातून बघितलं, बराच वेळ बघितलं. मी जिवाचा आटापिटा केला, मित्रांनो. एक ठिपका, एकच गुलाबी ठिपका तिला दाखवता आला असता तर! पण नसलेलं कुठून आणू? पट्टीवर सगळं निळं निळं होतं. तिने मान वर केली आणि ती बापाला म्हणाली, "एकडोळ्याला काही दिसत नाही, बाबा. त्याला कळतच नाही. तुम्ही घेतलीत तर मी पण सगळी घेईन, रडणार नाही. पण तुम्हाला काही झालं तर मी कुणाजवळ राहू?"

शिंप्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो खाली बसला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आपल्या बोटांकडेच बघत राहिला. मग त्याने विचारलं, उद्यापासून चालेल का? बाई म्हणाल्या, आजपासून. आणि त्यांनी आधी त्याला नळापाशी नेलं, साबणाची नवी वडी फोडली.

मग दोघंही रोज जायला लागले. रडणार नाही म्हणालेली भिंगरी रडायची, हे सांगायलाच हवं. पण शिंपी तिच्याहून मोठ्याने ओरडायचा, असं तिनेच आम्हाला सांगितलं. त्याला बघून तिला हसू यायचं आणि तेवढ्यात सुई टोचून व्हायची. नंतर तो दुकानात जायचा आणि ही आमच्याकडे. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस कुठले असं विचाराल, तर हेच. कुणाच्या तरी दुखण्यात माझं सुख असावं याची लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

भिंगरीचे प्रश्न काही संपत नसत. विषाणू जिवंत असतो का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, यावर मोठी मोठी माणसं अजून भांडतात. तुझ्या बाबांच्या दुकानात कापड बेतायचा कागदी नमुना असतो ना? नुसता कागद, त्याला हात नाहीत, सुई नाही, दोरा नाही. तो खुंटीला टांगून ठेवला तर वर्षभर तसाच लटकेल. पण समज, असा एक कागद दुकानात शिरला की तिथले सगळे कारागीर आपापलं काम टाकून फक्त त्याच्याच मापाचे कपडे शिवत सुटले, आणि दुकान फुटेपर्यंत थांबलेच नाहीत. विषाणू तसा आहे. पेशीच्या बाहेर तो नुसता कागद. पेशीत शिरला की पेशी तिचं स्वतःचं काम विसरते आणि त्याच्याच प्रती काढत बसते.

भिंगरी विचारात पडली. म्हणाली, म्हणजे बाहेर असतो तेव्हा तो एकटाच असतो? त्याला करमत नसेल. बाई हसल्या. मला नाही हसू आलं.

खिडकीत मिरचीचं एक रोप होतं, त्याची पानं आकसून वळली होती. तोही विषाणूच, असं बाईंनी सांगितल्यावर भिंगरी दोन पावलं मागे सरकली. तेव्हा बाईंनी समजावलं की प्रत्येक विषाणूचं दार वेगळं असतं. मिरचीचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरू शकत नाही, माणसाच्या गोवराला मिरचीच्या झाडाशी देणंघेणं नाही. जिवाणूंनासुद्धा त्यांचे त्यांचे विषाणू छळतात. काही मात्र फार दारं उघडतात. पिसाळण्याचा विषाणू कुत्र्यात शिरतो, मांजरात, गाईत, वटवाघळात आणि माणसातही. मग गोळी घेऊन तो मरत का नाही, असं भिंगरीने विचारलं. बाई म्हणाल्या, कारण ज्या गोळ्या जिवाणूंना मारतात त्या विषाणूंना मारत नाहीत, म्हणून सर्दी झाली की उगाच त्या गोळ्या खायच्या नसतात. काही विषाणूंवर औषधं आहेत, पण पुष्कळांच्या बाबतीत आपलं शरीरच लढतं. तुला टोचतात ती लस म्हणजे शरीराला दाखवलेला मेलेला विषाणू. हा बघ चोराचा चेहरा, दिसला की धर.

आणि एक दिवस तिने तो प्रश्न विचारला, जो ती इतके दिवस गिळून बसली होती. तो कुत्रा वाईट होता का? मी त्याला रोज खायला घालत होते, मग मला का चावला? बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, तो पिसाळलेला असेल, तर त्या सकाळी तो तुझा कुत्रा राहिलाच नव्हता. विषाणू मेंदूत शिरला की जनावराला ओळख राहत नाही. त्याला कुणीतरी वेळेवर लस टोचली असती तर तो अजून तुझ्या पायरीखाली झोपला असता. जाताना भिंगरीने कुत्र्याला आणलं होतं त्या पोत्यावरून हात फिरवला. रिकामं, धुऊन वाळत घातलेलं पोतं होतं ते.

इंजेक्शनं संपली. त्यानंतर काही दिवसांनी पिंजऱ्यातले उंदीर अंग ताठ करून पडू लागले, त्यांचे मागचे पाय लुळे झाले, आणि एकेक करून ते गेले. त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही, म्हणून मी त्यांची आठवण इथे काढतो. बाईंनी उंदराच्या मेंदूची पट्टी केली, रंग दिला, माझ्याखाली सरकवली, आणि नळी खाली येताच मला ते दिसले. निळ्या पेशींमध्ये गुलाबी ठिपके. एक नाही, दोन नाही, जिथे बघावं तिथे.

"सापडला," बाई म्हणाल्या. पण या वेळी मी फुशारलो नाही.

त्यांनी शिंप्याला बोलावून घेतलं. त्याने सुईत दोरा ओवताना मिटतो तसा एक डोळा मिटला आणि माझ्यातून बघितलं. हे एवढंच, असं त्याने विचारलं. एवढंच, बाई म्हणाल्या. तो कितीतरी वेळ वाकून बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "त्या दिवशी पोर बोलली नसती तर?" शिंपी स्टुलावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सावरल्यावर त्याने खिशातून मापाची फीत काढली. माझ्याकडे बघून म्हणाला, ह्याच्या अंगावर काहीच नाही, धूळ बसते, ह्याला काहीतरी शिवतो. आणि खरंच त्याने माझी मापं घेतली. मान, कंबर, बुंधा, सगळं. आयुष्यात माझी मापं घेणारा तो एकटाच माणूस. चार दिवसांनी भिंगरी खोळ घेऊन आली. तिच्या झग्यातलं उरलेलं कापड होतं, पिवळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. तिने ती मला घातली, खाली नाडी बांधली आणि नाडीचं फूल करून म्हणाली, "एकडोळ्या, आता कसा छान दिसतोस."

त्यानंतर ती कमी कमी येऊ लागली. पोरांचा धीर चेपला होता, तिला खेळायला बोलावणी यायला लागली होती. गल्लीतून तिचं ओरडणं, पळणं ऐकू यायचं. मग एक दिवस ती आलीच नाही, आणि मग कधीच नाही. मी खिडकीकडे बघत बसायचो. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. पायरीवरून त्या म्हणाल्या, येत नाही म्हणजे ठीक आहे रे ती, आणखी काय हवं आपल्याला? खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून सोसतंच असं नाही.

पुढे नवीन यंत्र आलं, नवीन तपासणी आली. त्या यंत्राखाली विषाणूच्या खुणा हिरव्या चमकतात, माझ्यापेक्षा फार कमी चुका होतात. चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी माझी भिंगं मऊ कागदाने पुसली, खोळ चढवली, नाडीची गाठ नीट केली आणि खांद्यावर ठेवावा तसा माझ्यावर हात ठेवला. नंतर मला कपाटावर चढवलं गेलं. आता कुणी पुसत नाही. दमट हवेने माझ्या एका काचेवर बुरशी धरली आहे. ती अशीच वाढली तर म्हाताऱ्या कारागिराने घासलेली काच कायमची आंधळी होईल.

परवाचीच गोष्ट. एक मुलगी आपल्या पिल्लाला लस टोचायला घेऊन आली होती. पिल्लू कुंईकुंई करत होतं. सामानाच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने वर बघितलं आणि दवाखान्यातल्या माणसाला विचारलं, त्या पिवळ्या कापडाखाली काय आहे?

"काही नाही," तो म्हणाला.

ती टाचा उंचावून उभी राहिली, तिने हात लांब केला, तिची बोटं नाडीच्या टोकाला लागली. तेवढ्यात तिच्या पिल्लाचा नंबर आला आणि ती धावत गेली. पिल्लाला लस मिळाली, ते महत्त्वाचं. बाई असत्या तर हेच म्हणाल्या असत्या.

मित्रांनो, मी फार काही मागत नाही. कुत्रा, मांजर, माकड, कुणीही चावलं किंवा ओरबाडलं, तर घरी सांगायला घाबरू नका. साबण लावून पुष्कळ वेळ पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुणी कितीही म्हणालं की काही दिसत नाही, काही होत नाही. तुमच्या कुत्र्यामांजरांना वेळेवर लस टोचा. आणि वर्गात एखादं मूल बाकावर एकटं बसलेलं असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. भिंगरीच्या बाकावर तेव्हा कुणी बसलं नव्हतं.

आणि कधी या दवाखान्यात आलात, तर कपाटावर बघा. पिवळी खोळ आता विटली आहे, ठिपके जेमतेम दिसतात. काही नाही असं कुणी म्हणालं, तरी एकदा नाडी ओढून बघा. मी आत आहे.